लिंबूवर्गीय आणि सागरी वासाचा युनिसेक्स परफ्यूम कोणत्या स्वभावाचा वाटतो? तो शांत माणसाला शोभेल का?

तुम्हाला भेट मिळालेला परफ्यूम सुरुवातीला लिंबू-संत्र्याच्या सालीसारखा येतो आणि मग समुद्रावरच्या वाऱ्यासारखा होत जातो. बाटलीवर 'स्त्री-पुरुष दोघांसाठी' असं लिहिलंय. तुम्हाला तो मनापासून आवडलाय, पण मैत्रीण म्हणते की हा उत्साही, खेळाडू, सतत भटकणाऱ्या लोकांचा वास आहे, तुमच्यासारख्या अबोल माणसाचा नव्हे. म्हणून तुम्ही विचारताय की असा परफ्यूम नेमका कोणत्या स्वभावाचा वाटतो आणि तो रोज ऑफिसला लावावा का.

लावा. माझ्या मते हा मुळात अबोल माणसाचाच परफ्यूम आहे. मैत्रिणीला जे जाणवलं तेही खरं आहे, पण ते पहिल्या अर्ध्या तासाचं आहे. या जातीच्या परफ्यूमचा स्वभाव त्यानंतर उघडा पडतो, आणि तोवर बहुतेकांनी आपलं मत देऊन टाकलेलं असतं.

वासावरून माणूस ओळखता येतो असा माझा दावा नाही. राशीनुसार किंवा आवडत्या रंगानुसार परफ्यूम सुचवणारे तक्ते फिरत असतात, त्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण वासामुळे मनात एका माणसाचं चित्र उभं राहतं, हे मात्र नक्की. डोळ्यांकडून आणि कानांकडून येणारी माहिती आधी मेंदूतल्या थॅलॅमसमध्ये जाते आणि मग पुढे. वासाची माहिती त्या वळणाने न जाता भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत जवळजवळ थेट पोचते. त्यामुळे वासाबद्दलचं मत आधी बनतं आणि कारणं आपण मागाहून शोधतो. या परफ्यूमच्या बाबतीत ती कारणं बाटलीत काय भरलंय यावरून बऱ्यापैकी सांगता येतात.

आधी लिंबूवर्गीय भाग घेऊ. लिंबू, संत्रं, ग्रेपफ्रूट, बर्गमॉट (सुगंधी सालीचं, संत्र्याच्या जातीचं फळ), सगळ्यांच्या सालीत तेलाच्या बारीक पिशव्या असतात. साल बोटांत धरून दुमडली की त्या फुटतात आणि तुषार उडतो. उजेडासमोर धरलीत तर तो दिसतोसुद्धा. परफ्यूमसाठीचं तेलही साधारण असंच, साल दाबून, उष्णता न देता काढतात. त्यात लिमोनीन हा रेणू भरपूर असतो. तो हलका, झटकन उडणारा. फवारा मारल्यावर नाकाशी सगळ्यांत आधी तोच येतो आणि निघूनही सगळ्यांत आधी तोच जातो. बर्गमॉटमध्ये लिमोनीनच्या जोडीला लिनॅलिल ॲसिटेट बरंच असतं, म्हणून त्याचा वास लिंबापेक्षा मऊ आणि किंचित फुलांकडे झुकलेला. हे बर्गमॉट मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला, कॅलाब्रियात पिकतं, आणि चांगल्या परफ्यूमांच्या सुरुवातीला ते किती वेळा सापडतं याची गणतीच नाही.

या भागाचा स्वभाव सांगायचा तर तो पुढे होऊन भेटणाऱ्या माणसाचा आहे. समोरच्याला अवघडू न देणारा, पहिलं वाक्य स्वतः बोलणारा. फळ कोणतं आहे यावरही पुष्कळ ठरतं. लिंबू हजरजबाबी वाटतं, मँडरिन गोड आणि थोडं लाडिक. ग्रेपफ्रूट कडसर असतं. त्यात एक गंधकयुक्त रेणू अगदी लेशमात्र असतो, पण त्याशिवाय ग्रेपफ्रूटला ग्रेपफ्रूटपण येत नाही. मला स्वतःला ग्रेपफ्रूट असलेले परफ्यूम अधिक भावतात. त्या कडवटपणामुळे सुरुवातीच्या उत्साहाला लगाम बसतो आणि पुढचा खारा भाग एकदम वेगळा वाटत नाही.

बाटलीवर 'दोघांसाठी' असं लिहिण्यामागेही या भागाचा जुना इतिहास आहे. योहान मारिया फरीना नावाचा इटालियन माणूस जर्मनीतल्या कोलोन शहरात राहून जे सुगंधी पाणी बनवत होता, त्यातूनच 'ओ द कोलोन' हे नाव आलं. १७०८ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने या वासाची तुलना इटलीतल्या, पाऊस पडून गेल्यावरच्या वसंतातल्या सकाळीशी केली होती. बर्गमॉट, लिंबू, संत्रं, फुलं, थोड्या वनस्पती, असा तो सगळा हलका कारभार. ते पाणी पुरुषही वापरत आणि स्त्रियाही. बायकांनी फुलांचे वास लावायचे आणि पुरुषांनी लव्हेंडरचे किंवा लाकडाचे, ही वाटणी पुढे जाहिरातींनी आणि दुकानांतल्या मांडणीने पक्की केली. कोलोनच्या घराण्यातला परफ्यूम त्या वाटणीच्या आधीचा आहे.

सागरी भाग याच्या अगदी उलट, म्हणजे अगदी अलीकडचा. फुलातून, सालीतून, लाकडातून तेल काढता येतं. समुद्राच्या पाण्यातून असं काही निघत नाही. शेवाळाचा अर्क काढतात, पण तो दाट आणि उग्र असतो. किनाऱ्यावर आपल्याला येणारा वास बराचसा डायमिथाइल सल्फाइडचा असतो. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून निघालेल्या द्रव्याचं जिवाणू विघटन करतात तेव्हा ते तयार होतं. जोडीला शेवाळाचे रेणू असतात. हे सगळं जसंच्या तसं बाटलीत भरलं तर कोणी अंगाला लावणार नाही. परफ्यूममधला समुद्र मुख्यतः कॅलोन नावाच्या रेणूने उभा केला. फायझर या औषध कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांना तो १९६६ मध्ये सापडला, पण परफ्यूमवाल्यांनी तो मुबलक वापरायला १९८०चं दशक सरत आलं. नुसता हुंगला तर त्यात टरबुजाच्या सालीचा पांढुरका, पाणीदार वास येतो आणि मागे ओल्या हवेसारखं काहीतरी. योग्य प्रमाणात मिसळला की मात्र परफ्यूमच्या आत अचानक जागा तयार झाल्यासारखं वाटतं. प्रमाण चुकलं की तेच पाणी गोडूस आणि डोकं उठवणारं होतं.

आणि खारटपणा? मिठाला वास नसतो. परफ्यूममध्ये खारट म्हणून जे जाणवतं ते कोरड्या, किंचित खनिजासारख्या वासाच्या द्रव्यांनी घडवलेलं असतं. त्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं अँब्रोक्सन. स्पर्म व्हेल या देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा अँबरग्रीस समुद्रात तरंगत, ऊन-हवा खात मुरतो आणि त्याला एक उबदार, खारा, त्वचेसारखा वास येतो. अँब्रोक्सन हा त्या वासामागचा एक मुख्य रेणू. परफ्यूममध्ये तो क्लॅरी सेज या वनस्पतीतल्या स्क्लॅरिऑलपासून बनवता येतो. त्यासाठी देवमाशाची गरज लागत नाही. हा रेणू जड आहे, तासन्‌तास त्वचेवर राहतो. लिंबू केव्हाच निघून गेलेलं असतं, कॅलोनही मंद झालेलं असतं, तेव्हा तुमच्या मनगटावर हाच उरलेला असतो.

मला जे सांगायचंय ते इथे आहे. हा परफ्यूम आधी जवळ येऊन भेटतो आणि मग समोरच्याला मोकळी जागा देतो. लिंबूवर्गीय भाग माणसाच्या हाताइतका जवळचा आहे: साल, बोटं, ताजेपणा. सागरी भागात मात्र अंतर आहे. त्यात भिंती नाहीत, समोरच्यावर चाल करून जाणारा गोडवा नाही, मसाल्यांची गर्दी नाही. म्हणून यातून उभं राहणारं माणूस मला असं दिसतं: अगत्याने बोलेल, पण तुमच्या आयुष्यात नाक खुपसणार नाही, आपलं सगळं सांगत बसणार नाही, पण काही लपवतंय असंही वाटणार नाही. अबोल माणसाला अनेकदा घुमं किंवा शिष्ट समजतात. या परफ्यूममध्ये तो गैरसमज सुरुवातीलाच दूर करण्याची ताकद आहे, कारण पहिलं पाऊल तो आपणहून पुढे टाकतो.

माझ्या ओळखीच्या एक बाई हिशेब तपासण्याचं काम करतात. बोलणं मोजकं, आवाज कधी चढत नाही. त्यांच्या शेजारी बसलं तरी परफ्यूम लावलाय हे कळत नाही. पण समोरच्या कागदातला एखादा आकडा दाखवायला त्या पेन्सिल घेऊन पुढे वाकल्या की शर्टाच्या बाहीतून ग्रेपफ्रूटची कडसर साल येते आणि तिच्यामागून ते कोरडं खारेपण. हात मागे घेतला की वासही मागे. त्या उठून गेल्यावर खोलीत काहीच उरत नाही. कामात इतक्या चोख आणि वागण्यात इतक्या संयत असलेल्या माणसाला याहून चपखल वास मला सुचवता येणार नाही.

मग खेळाडूपणाचं चित्र कुठून आलं? त्यात जाहिरातींचा वाटा मोठा आहे: भिजलेले केस, होडी, उडी मारणारी तरुण मंडळी. पण त्याहून मोठा वाटा साबणांचा. लिंबूवर्गीय ताजेपणा स्वस्तात आणि टिकाऊपणे देणारा डायहायड्रोमर्सेनॉल नावाचा रेणू आहे. १९८८ मध्ये आलेल्या 'कूल वॉटर' या पुरुषांच्या परफ्यूममध्ये तो ठसठशीत होता. पुढे अशाच वासांचं लोण शॉवर जेल, डिओडरंट आणि कपडे धुण्याच्या पावडरींपर्यंत पोचलं. तेव्हापासून असा वास आला की नाक आपोआप 'आत्ताच अंघोळ करून आलेला, चपळ माणूस' असं वाचतं. तुमच्या मैत्रिणीचं मत बहुधा इथून आलंय. ज्या परफ्यूमांत डायहायड्रोमर्सेनॉलच पुढेपुढे करतो आणि खाली काहीच नसतं, त्यांच्याबद्दल ती अगदी बरोबर आहे. ते पहिल्या मिनिटाला जसे असतात तसेच दोन तासांनी असतात, फक्त फिके.

म्हणूनच असा परफ्यूम कोणत्या स्वभावाचा आहे हे ठरवताना मी तळाशी, म्हणजे शेवटी उरणाऱ्या वासात, काय आहे ते आधी बघते. तळाला वाळा असेल तर तो गंभीर होतो, मातीचा आणि मुळांचा कोरडेपणा येतो; विचार करून बोलणाऱ्या माणसाला असा फार शोभतो. देवदार असेल तर ताठ आणि नीटनेटका. पांढऱ्या मस्कने, म्हणजे कस्तुरीची आठवण देणाऱ्या कृत्रिम द्रव्याने, स्वच्छ, निरागस वाटतो, पण कधीकधी इतका स्वच्छ की माणूसच नाहीसा होतो. मधल्या भागात नेरोली असेल, म्हणजे कडू संत्र्याच्या फुलांपासून काढलेलं तेल, तर समुद्राचं थंडपण कमी होऊन आपुलकी येते. पुदिना असेल तर मात्र मैत्रीण जिंकली, तो खेळाच्या मैदानाकडेच जातो. तुमच्या परफ्यूमच्या खोक्यावर किंवा कंपनीने दिलेल्या वर्णनात ही नावं बहुधा सापडतील. वर्णनं सजवलेली असतात, पण तळाच्या दोन-तीन नावांवरून दिशा कळते.

युनिसेक्स म्हणजे पुरुषी आणि बायकी यांच्या बरोबर मधलं, मिळमिळीत काहीतरी, असं काहींना वाटतं. सागरी परफ्यूमांकडे पाहिलं की ते किती चुकीचं आहे हे दिसतं. १९९२चा 'लो दिसे' पाणीदार वासाचा आणि बायकांसाठीचा. १९९६चा 'ॲक्वा दी जिओ' समुद्राचा आणि पुरुषांसाठीचा. दोन्हीत तीच सागरी कल्पना, बाटल्यांवरचं लेबल वेगळं. मधे १९९४ मध्ये 'सीके वन' आला आणि त्याने दोघांसाठी एकच बाटली हे उघडपणे, मोठ्या प्रमाणावर विकून दाखवलं. तो घडवणाऱ्यांपैकी आल्बेर्तो मोरियास यांचाच हात 'ॲक्वा दी जिओ'मध्येही होता. म्हणजे परफ्यूम घडवणाऱ्याच्या टेबलावर हे वास एकमेकांचे शेजारीच होते. समुद्राच्या वासाला पुरुष किंवा बाई ठरवणारी जुनी परंपराच नाही, त्यामुळे तो लावणाऱ्याला कसलंही सोंग घ्यावं लागत नाही. आपण किती मर्दानी किंवा किती नाजूक हे सिद्ध करण्याची ज्यांना गरज वाटत नाही, त्यांच्या अंगावर हा वास सहज बसतो. माझ्या लेखी हा याचा सगळ्यांत सुंदर गुण.

याची दुसरी बाजूही आहे. काही लोकांना हाच वास थंड आणि परका वाटतो. ज्याला वासातून ऊब, जवळीक, गोडवा हवा असतो, त्याला सागरी परफ्यूममध्ये दार अर्धवट उघडं ठेवल्यासारखं वाटतं. आपण निघून गेल्यावरही खोलीत आपली आठवण रेंगाळावी असं तुम्हाला वाटत असेल तर हा परफ्यूम ते काम करणार नाही, कितीही फवारला तरी. तिथे व्हॅनिला, राळ, चंदन असलेले दाट परफ्यूम घ्यावेत. तुम्ही स्वतःचं जे वर्णन केलंय, त्यावरून तुम्हाला तसं काही हवंय असं मला वाटत नाही.

आता तुमच्या बाटलीची परीक्षा. कागदाच्या पट्टीवर हुंगून निर्णय घेऊ नका. पट्टीवर त्वचेची ऊब आणि तेल नसतं, त्यामुळे खारा भाग नीट उमलत नाही. मनगटावर एक फवारा मारा, चोळू नका. चोळल्याने ऊब वाढून वरचा लिंबूवर्गीय भाग आणखी लवकर उडतो. लगेच एकदा हुंगा, मग अर्ध्या तासाने, मग तीनेक तासांनी. मधल्या काळात नाकाला विश्रांती द्या, कारण एकाच वासाची नाकाला सवय होते आणि तो येईनासा होतो. तीन तासांनी तुम्हाला काहीच आलं नाही तर परफ्यूम संपला असं लगेच समजू नका. मस्क आणि अँब्रोक्सनसारखे काही जड रेणू काही लोकांना मुळातच येत नाहीत किंवा फार कमी येतात. घरातल्या कोणाला तरी मनगट हुंगायला द्या. तुम्हाला कोरा वाटणारा हात त्यांना छान खारट-लाकडी लागेल अशी दाट शक्यता आहे.

रोज ऑफिसला लावायचा असेल तर एक फवारा मानेच्या मागे आणि हवा असल्यास एक शर्टाच्या आतल्या बाजूला, एवढं भरपूर आहे. कापडावर लिंबूवर्गीय तेल त्वचेपेक्षा जास्त टिकतं, पण पांढऱ्या किंवा रेशमी कापडावर डाग पडू शकतो, आधी कोपऱ्यावर बघा. त्वचा कोरडी असेल तर बिनवासाचं मॉइश्चरायझर लावून मग फवारा मारा, वास जरा जास्त थांबतो. सुरुवातीचा ताजेपणा तासाभरात ओसरला म्हणून पुन्हापुन्हा मारू नका. तळातले रेणू साठत जातात, तुम्हाला ते कळत नाही, शेजारच्याला कळतात. शेजारी बसणाऱ्या कोणाचं वासाने डोकं दुखत असेल तर त्या दिवशी फक्त कपड्याच्या आतला एकच फवारा ठेवा.

दाबून काढलेल्या बर्गमॉट तेलात बर्गाप्टेन असतं, ते त्वचेवर असताना कडक ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. बड्या कंपन्या बर्गाप्टेन काढलेलं तेल किंवा अगदी मर्यादित प्रमाण वापरतात, त्यामुळे तुमच्या बाटलीची काळजी नको. पण तेल विकत आणून घरी मिश्रण करायचा मोह झाला तर उघड्या त्वचेवर लावून उन्हात जाऊ नका. आणि बाटली बाथरूममध्ये किंवा खिडकीत ठेवू नका. उजेड, उष्णता आणि हवेने लिमोनीनचं ऑक्सिडेशन होतं. वरचा ताजा भाग आधी खराब होऊन रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनसारखा उग्र लागतो, आणि त्यातून तयार होणाऱ्या द्रव्यांनी काहींच्या त्वचेवर पुरळ उठते. खोक्यात घालून कपाटात ठेवा आणि काटकसर करत वर्षानुवर्षं पुरवू नका. लिंबूवर्गीय परफ्यूम दाट परफ्यूमांच्या आधी म्हातारे होतात, ते वापरून संपवायचे असतात.